माइम आणि मिमिक्री एकाच आईची लेकरं, मग एक मुकं कसं झालं?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेक यंदा कॉलेजच्या युवा महोत्सवाच्या माइमच्या संघात आहे. जेवताना तिनं हे सांगितलं तर सासरे खूश. म्हणाले, "नकला का? वा! मग निळूभाऊंचा आवाज काढून दाखव." लेक म्हणाली, "आबा, ती मिमिक्री. आमचं माइम. त्यात तोंडातून आवाज काढायचा नसतो." आबांनी घास थांबवला. "न बोलता कसली गं नक्कल?"

लेकीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. रात्री शब्दकोश काढला, तर घोळ वाढलाच. माइम आणि मिमिक्री दोन्ही शब्द ग्रीक 'मिमोस'पासून आलेले. एकात सगळी करामत गळ्याची, दुसऱ्यात गळा वापरला की गुण कापतात. मग मुळात होतं काय? आणि आपल्याकडे हा प्रकार आधीपासून होता की बाहेरून आला? जाणकारांनी उजेड पाडावा.

खवचट_काका
आमच्या घरी लग्नापासून माइमच चालू आहे. मी बोलायचं नाही, एवढा एकच नियम.

मेतकूट
काका, तुमच्या सौ. इथे सभासद आहेत हे विसरलात का?

खवचट_काका
हात वर केले आहेत. (अभिनय समजून घ्यावा.)

शब्दखोर
चांगला धागा. आबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि इतिहास आबांच्याच बाजूचा आहे.

ग्रीक 'मिमोस' म्हणजे नक्कल करणारा, आणि तो करतो ती नक्कलही. हा माणूस गप्प बसणारा मुळीच नव्हता. इ.स.पूर्व ५व्या शतकात सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये सोफ्रॉन नावाचा लेखक होऊन गेला. त्यानं 'मिमोस' लिहिले ते चक्क गद्य संवाद होते, आणि तेही तिथल्या बोलीभाषेत. बायकांच्या गप्पा, कोळी, शेतकरी, असले विषय. प्लेटोला ते फार आवडत असं सांगतात. पुढे इ.स.पूर्व ३ऱ्या शतकात हेरोडास झाला. त्याच्या रचना वाळूत गडप झाल्या होत्या, त्या इजिप्तमधल्या पपायरसवर सापडून १८९१ साली छापल्या गेल्या. त्यात एक आई आपल्या वाया गेलेल्या पोराला मास्तरांकडे बडवायला घेऊन जाते. आईची तोंडाची फैर काय वर्णावी! आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात खपली असती.

तेव्हा 'माइम म्हणजे मुका अभिनय' हा अर्थ मुळातला नाही. रोजच्या जगण्याची हुबेहूब नक्कल, हे मूळ. तोंड पुढे बंद झालं. कसं झालं ते संध्याकाळी लिहितो, आत्ता बैठक आहे.

रिकामटेकडी
शब्दखोर, ऐन रंगात आल्यावर बैठक! तोवर मी थोडं अवांतर करते.

याच घराण्यातली आणखी दोन मंडळी. एक म्हणजे 'मीम'. व्हॉट्सॅपवर येतात तेच. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली हा शब्द घडवला, तो ग्रीक 'मिमीम' आखूड करून. दुसरी मंडळी आपल्या परसात आहे. लाजाळूचं शास्त्रीय नाव मिमोसा पुडिका. यातला 'मिमोसा' त्याच मूळचा, कारण बोट लावलं की ते झाड सजीव प्राण्यासारखं अंग चोरतं, म्हणजे प्राण्याची नक्कल करतं. सासरी न्हाणीघरामागे लाजाळूचं रान आहे. काल मुद्दाम जाऊन बघितलं. आधी पानं टोकाकडून जोडीजोडीनं मिटत येतात, आणि मग थोडं थांबून अख्खा देठच मान टाकतो. ते 'थोडं थांबून' जे आहे ना, ते कुठल्या नटानं शिकवलं असेल?

पाटीपेन्सिल
लाजाळू!! लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणे, "आई, आमचे सरही हेच ओरडतात, आधी बोटं, मग मनगट, मग थांबा, मग खांदा."

विंगेतून
पाटीपेन्सिलताई, लेकीचे सर जाणते आहेत, त्यांचं ऐकायला सांगा.

मी चार वर्षं युवा महोत्सवात माइम केलं. सहा जण, पाच मिनिटं, काळे टी-शर्ट, पांढरे हातमोजे. तोंडाला खोबरेल चोळून त्यावर झिंकचा पांढरा थर, भुवया काजळानं. ऑक्टोबरच्या उकाड्यात विंगेत अर्धा तास उभं राहिलं की तो थर हनुवटीवरून गळायला लागतो आणि नेमकं तेव्हाच नाक खाजतं.

काचेची भिंत सगळ्यांना येते असं वाटतं. येत नाही. नवशिका हवेत हात आपटत सुटतो. खरी गोष्ट अशी: हात जाताना सैल, बोटं किंचित वाकलेली. भिंत लागते त्या क्षणी पंजा एकदम सपाट आणि ताठ. आणि मग महत्त्वाचं म्हणजे तो पंजा तिथून हलायचा नाही. अंग हलवा, खांदा हलवा, एक पाऊल बाजूला टाका, पण पंजा हवेत खिळा ठोकल्यासारखा जागेवर. बघणाऱ्याला भिंत दिसते ती त्या न हललेल्या पंजामुळे. दोरी ओढतानाही तेच. हातानं दोरी ओढली तर दोरी दिसत नाही. टाचेपासून जोर आला, कंबर मागे गेली आणि सगळ्यात शेवटी हात आले, तर समोरच्या रांगेतला माणूससुद्धा मागे रेलतो.

एक जखम अजून ओली आहे. तिसऱ्या वर्षी आम्ही विहिरीतून गाळ काढणारी माणसं केली होती. शेवटची पाटी वर आली तेव्हा माझ्या तोंडून 'हुश्श' निघालं. ठरवून नाही, खरंच दम लागला होता. परीक्षकांनी 'आवाज काढला' म्हणून गुण कापले आणि आम्ही दोन गुणांनी गेलो. आज सोफ्रॉनचं नाव कळलं. तेव्हा कळलं असतं तर भांडलो असतो.

मेतकूट
हुश्श.

घाटावरचा
सगळे ग्रीसच्या वाऱ्या करताहेत याची गंमत वाटते. अहो, भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. डोक्याच्या १३ हालचाली, ३६ दृष्टी, हातांच्या मुद्रा तर विचारूच नका. हे सगळं आपल्याकडे असताना फ्रेंचांकडून पांढरी तोंडं कशाला आणायची? माइम आपलंच. विषय संपला.

तळ्यात_मळ्यात
विषय एवढ्यात नका संपवू हो घाटावरचे, आत्ता कुठे रंगतोय.

आंगिक अभिनयाचं शास्त्र आपल्याकडे अफाट आहे यात वादच नाही. पण भरतानं वाचिक काढून टाका असं कुठेही सांगितलेलं नाही. चारही एकत्र चालतात. कथकलीतला नट स्वतः बोलत नाही, खरं आहे, पण मागे गायक प्रत्येक शब्द गात असतो. म्हणजे वाचिक आहेच, फक्त दुसऱ्याच्या गळ्यात. त्याला निव्वळ मूकाभिनय म्हणता येणार नाही.

शिवाय शब्दच वेगळे आहेत. 'मिमोस' म्हणजे नक्कल. 'अभिनय' म्हणजे अभि + नी, प्रेक्षकाकडे घेऊन जाणं. नाटक ही नक्कल आहे का, यावर आपल्याकडे जुंपली होती. शंकुक नावाचा जुना नाट्याचार्य म्हणाला, हे अनुकरण आहे. त्याच्यानंतरच्या अभिनवगुप्त या आचार्यानं ते खोडून काढलं. त्याचा मुद्दा साध्या भाषेत असा की रामाला ना नटानं पाहिलंय ना प्रेक्षकानं, मग नक्कल कोणाची आणि ती जमली हे ठरवणार कोण?

तरी बोलणं न वापरता वस्तू उभी करण्याची रीत आपल्या रंगभूमीत पक्की होती, हे घाटावरच्यांचं म्हणणं मान्य. शाकुंतलातल्या रंगसूचना पाहा. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला सख्या येतात त्या 'कुसुमावचयं नाटयन्त्यौ', फुलं तोडण्याचा अभिनय करत. पहिल्या अंकात शकुंतला 'भ्रमरबाधां रूपयति', म्हणजे भुंगा त्रास देतोय असा अभिनय करते. ना फूल, ना भुंगा, ना दुष्यंताचा रथ. सगळं अंगावर. विंगेतून यांनी भिंत उभी केली, तसा तिथल्या नटानं भुंगा उभा केला असणार.

घाटावरचा
भुंग्याचं पटलं. 'विषय संपला' मागे घेतो. पण फ्रेंच पांढऱ्या तोंडाबद्दलची नाराजी कायम.

खवचट_काका
एका परिच्छेदात माघार? धाग्याची नोंद जतन करा रे.

शब्दखोर
आलो. तोंड बंद होण्याची गोष्ट.

रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की लिव्हियस अँड्रोनिकस नावाचा नाटककार स्वतःच आपली नाटकं करायचा. रोममध्ये त्याचं पहिलं नाटक इ.स.पूर्व २४० चं. लोक वन्समोअर घेऊन घेऊन त्याचा घसा बसवायचे. शेवटी त्यानं परवानगी घेऊन बासरीवाल्यापुढे एका पोराला गायला उभं केलं, आणि आपण नुसते हावभाव केले. गंमत म्हणजे आवाजाची काळजी गेल्यामुळे अभिनय आणखी जोरकस झाला. ही कथा किती घडलेली आणि किती रचलेली हा भाग वेगळा, पण आपल्या संगीत नाटकांतले वन्समोअर आठवले की मला ती खरीच वाटते.

मग इ.स.पूर्व २२ मध्ये, ऑगस्टसच्या काळात, पिलाडीस आणि बाथिलस या दोघांनी रोममध्ये 'पँटोमिमस' गाजवला. एकच नट, सगळी पात्रं तोच करणार, मागे गायकवृंद आणि वाद्यं. मुखवट्याचं तोंड मिटलेलं, कारण बोलायचंच नाही. म्हणजे तळ्यात_मळ्यात यांनी कथकलीचं सांगितलं त्याच्या जवळपास जाणारा प्रकार. 'पँटो' म्हणजे सगळं, सगळ्याची नक्कल करणारा तो पँटोमिमस. आणि त्याच वेळी साधा 'माइम' वेगळा चालूच होता, मुखवट्याविना आणि भरपूर बडबडीचा, चावट. त्यात बायकाही काम करत. पुढे जस्टिनियनची सम्राज्ञी झालेली थिओडोरा याच माइमच्या रंगमंचावरची.

दुसऱ्या शतकातला लुशियन नावाचा लेखक एक किस्सा सांगतो. डिमीट्रियस नावाचा तत्त्ववेत्ता म्हणायचा, यात नटाचं काय आहे, सगळी जादू गाण्याची. नीरोच्या काळातल्या एका नटानं त्याला बोलावलं, गाणारे-वाजवणारे गप्प केले आणि एकट्यानं देवांच्या भानगडीची अख्खी कथा करून दाखवली. चोरून भेटणारे प्रेमिक, चहाडी करणारा सूर्य, जाळं टाकणारा नवरा, जमून हसणारे देव. डिमीट्रियस ओरडला की मला हे दिसत नाही, ऐकू येतंय, तू हातांनी बोलतोयस! आणखी एक: काळ्या समुद्राकडचा एक सरदार नीरोकडे आला होता, त्यानं जाताना भेट म्हणून हा नटच मागितला. शेजारच्या टोळ्यांची भाषा आम्हाला येत नाही, म्हणे, हा दुभाष्याचं काम करील.

रिकामटेकडी
तो सरदार दमशेराजचा आद्य खेळाडू. शेजारच्या टोळीपुढे दोन बोटं दाखवून "दोन शब्द, पहिला शब्द, हिंदी पिक्चर".

मेतकूट
आमच्या सोसायटीत एका काकांनी 'मूकनायक' करून दाखवायला घेतलं आणि तिसऱ्या मिनिटाला स्वतःच ओरडून सांगितलं.

लंडनची_मावशी
पँटोमाइम शब्द वाचून राहवलं नाही. इथे नाताळात 'पँटो' असतो. भाचा-भाचीला मुका अभिनय दाखवायचा म्हणून पहिल्या वर्षी तिकिटं काढली. आत गेले तर काय, पुरुष बाई होऊन नाचतोय, सिंड्रेलाच्या गोष्टीत राजकारणावर कोट्या, आणि अख्खं थिएटर बेंबीच्या देठापासून ओरडतंय की राक्षस तुझ्या मागे आहे, मागे बघ! पोरांचे घसे बसले. नाव पँटोमाइम आणि शांतता दोन सेकंदांचीही नाही. आबांना इथे पाठवा, त्यांना हे माइम पटेल. आपल्या तमाशातला मावशी आणि सोंगाड्याचा भाग डोळ्यांपुढे आणा, साधारण तीच जातकुळी.

अनवट
सगळं आवडीनं वाचतेय, पण एक सांगायचं आहे. माझा मुलगा जन्मापासून ऐकू शकत नाही. कोणी पाहुणे आले की त्याच्याशी माइम करायला लागतात, हवेत मोठमोठे आकार काढत. आणि आम्ही मायलेक सांकेतिक भाषेत बोललो की म्हणतात, "किती छान अभिनय करता हो तुम्ही."

तो अभिनय नाही. ती भाषा आहे, तिला व्याकरण आहे, देशागणिक ती वेगळी आहे. 'उद्या फी भरायची आहे, विसरू नकोस' हे माइममध्ये सांगून बघा. माइममध्ये दिसणारी वस्तू उभी करता येते, 'उद्या' कसा उभा करणार? आणि 'मूकाभिनय' या शब्दातला 'मूक' मला नेहमी टोचतो. मुका म्हणजे ज्याच्याकडे काही कमी आहे, असाच वापर होतो ना आपल्याकडे?

चिडून लिहिलेलं नाही. माझ्या मुलाला माइम बघायला फार आवडतं. काचेची भिंत खोटी असली की सगळ्यात आधी त्याला कळतं.

विंगेतून
अनवट, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. परीक्षक म्हणून त्याला बोलवायला हवं होतं.

शब्दखोर
अनवट, पूर्ण मान्य. 'मूक'बद्दल माझ्याकडे बचाव नाही. बंगाल्यांनीही 'मूकाभिनय'च रुळवला. कोलकात्याचे जोगेश दत्त आणि त्यांच्यानंतरचे निरंजन गोस्वामी, यांनी आयुष्यं घालून ही कला उभी केली. गोस्वामींना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. शब्द बहुधा तिकडूनच आपल्याकडे पोचला असावा, असा माझा अंदाज.

फिरस्ती
पांढऱ्या तोंडाचं कोणीच सांगेना म्हणून मी येतो. घाटावरचे, हे तुमच्यासाठी.

पॅरिसमध्ये १६८० साली सरकारी नाटक कंपनी निघाली आणि फ्रेंच संवादी नाटकांचा मक्ता तिला मिळाला. जत्रेत खेळ करणाऱ्या लहान मंडळ्यांना फर्मान, संवाद म्हणायचे नाहीत. आता जत्रेतली माणसं ती, गप्प बसतात होय! संवाद नको? ठीक, एकेकटं बोलतो. एक नट बोलून विंगेत जायचा, मग दुसरा येऊन उत्तर द्यायचा. तेही बंद केलं, तर पाट्यांवर ओळी लिहून धरायला लागले आणि त्या ओळी प्रेक्षक ओळखीच्या चालींवर गायचे! कायद्यात 'प्रेक्षकांनी गाऊ नये' असं कुठे होतं?

नंतर क्रांतीनं मोकळीक दिली आणि नेपोलियननं १८०७ मध्ये पुन्हा आवळली. अशा बंधनांत फ्युनांब्यूल नावाच्या स्वस्तातल्या थिएटरात झां-गास्पार दब्यूरो नावाचा नट उभा राहिला. जन्म १७९६, बोहेमियातला, डोंबाऱ्याच्या खेळातून आलेला. त्याचं पिएरो नावाचं पात्र म्हणजे सैल पांढरा झगा, काळी टोपी आणि पांढरं तोंड. ते पांढरं म्हणजे मूळचं पीठ. इटालियन आणि फ्रेंच फार्समधले विदूषक तोंडाला पीठ फासत, त्यांचाच हा वारसा. तेव्हा नाराजी सोडा, ती गिरणीची कला आहे.

१८३६ मध्ये रस्त्यात एक पोरगा त्याला चिडवत होता. दब्यूरोनं काठी मारली आणि पोरगा मेला. खटला चालला. तो सुटला, पण कोर्टात झुंबड उडाली होती ती निकालासाठी नाही. या माणसाचा आवाज कसा आहे ते लोकांना ऐकायचं होतं.

पाटीपेन्सिल
बापरे. हे लेकीला सांगू की नको?

तळ्यात_मळ्यात
सांगा. आणि पुढचंही सांगा. आज कॉलेजात शिकवतात ते तंत्र दब्यूरोचंसुद्धा नाही, त्याच्या शंभर वर्षांनंतरचं आहे. एत्येन दक्रू (१८९८ ते १९९१) यानं तोंडावरचे हावभाव बाजूला सारून धडावर काम केलं. कधीकधी तर तोंड झाकूनच. विंगेतून यांचा 'हवेत खिळा ठोकलेला पंजा' आणि टाचेतून येणारा जोर याच्याच शाळेतला. मार्सेल मार्सो त्याचा शिष्य. १९४७ मध्ये मार्सोनं बिप नावाचं पात्र काढलं, चुरगळलेली टोपी आणि तिच्यावर लाल फूल, आणि जगभर माइम म्हटलं की तोच चेहरा झाला. त्याच्या वडिलांना नाझींनी ऑश्विट्झला मारलं. तो स्वतः तरुणपणी भूमिगत कामात होता आणि ज्यू मुलांना सीमेपलीकडे स्वित्झर्लंडला पोचवायला मदत केली होती. मुलांना गप्प ठेवत न्यायचं असायचं. हे समजल्यावर बिपकडे बघण्याची माझी नजर बदलली.

खवचट_काका
आणि याच मार्सोनं मेल ब्रूक्सच्या १९७६ च्या मूकपटात अख्ख्या सिनेमातला एकमेव शब्द उच्चारलाय. "नाही." फ्रेंचमध्ये. आमच्या घरी तेवढीही मुभा नाही.

कोकणचा_वारा
उशिरा आलो. मूळ प्रश्नातला 'आपल्याकडे होतं का' हा भाग शाकुंतलावरच थांबला, म्हणून दोन ओळी. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहा कधी. देवादिकांचे, राक्षसांचे जड मुखवटे चढवून सोंगं रात्रभर येतात, संबळ आणि सनईच्या तालावर. मुखवट्यातलं सोंग संवाद म्हणत नाही, ते नाचत येतं आणि सगळं चालीतून कळतं. मशालीच्या उजेडात तोच लाकडी चेहरा एकदा रागावलेला दिसतो, एकदा हसणारा. मान किती कलली एवढाच फरक. रोमन मिटलेल्या तोंडाच्या मुखवट्याचं वाचलं तेव्हा मला तेच आठवलं. एकाचं दुसऱ्याकडे गेलं असं म्हणायचं नाही. आणि आपला शब्दही बघा, 'सोंग'. सोंग बोलतं की गप्प असतं, हे त्या शब्दाला विचारावंच लागत नाही.

शब्दखोर
वा, वारा! 'मिमोस'ला मराठी शब्द हवा होता, तो हाच. सोंग. ताई, आबांना सांगा, जुन्या ग्रीकांच्या हिशेबानं तेही बरोबर आणि लेकही बरोबर.

घाटावरचा
अनवट यांचा 'मूक'चा प्रश्नही सुटला की मग. फलकावर 'सोंग' लिहा.

अनवट
चालेल. धावेल.

पाटीपेन्सिल
मंडळी, दंडवत. काल जेवणानंतर आबांना सगळं वाचून दाखवलं. बोहाड्यापर्यंत नुसते हं हं करत होते. मग उठून झोपाळ्यावर बसले, आणि मांडीवर काहीतरी ठेवल्यासारखं केलं. डॉक्टरांनी पान-सुपारी बंद करून सहा वर्षं झाली, चंची कधीच माळ्यावर गेली आहे. तर त्यांनी नाडी सोडली, पान काढून धोतराला पुसलं, देठ खुडला, शीर ओढून काढली. चुना अंगठ्यानं लावला आणि उरलेला खांबाला पुसला. मग अडकित्ता. सुपारी फुटेना, दोनदा हात घसरला, तिसऱ्यांदा फुटली तसा खांदा खाली आला. विडा गालात गेला. एक शब्द नाही.

लेक म्हणाली, "आबा, सुपारी कुठे ठेवली होती ते कळलं नाही. हात दोनदा वेगवेगळ्या जागी गेला."

आबा म्हणाले, "कात कुठाय ते शोधत होतो."

विंगेतून
संघात सातवा घेता येत नाही का हो?

खवचट_काका
पिंक कुठे टाकली ते नाही सांगितलंत.

पाटीपेन्सिल
उठून खिडकीपर्यंत गेले होते, काका. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कुंडीत नको!"